एल्कच्या शिकारीसाठी रायफलची नवी नळी: कोणती घ्यावी?

घाटवाट | ३ डिसेंबर

मंडळी, नमस्कार. डेन्व्हरजवळ राहतो, नऊ वर्षं कोलोरॅडोत रीतसर टॅग (एका जनावराचा शिकार परवाना) काढून शिकार करतो. घरात वर्षभर जे मांस शिजतं ते बहुतेक मी आणलेलंच असतं.

माझ्याकडे जुनी रेमिंग्टन ७०० आहे, .३०८ विंचेस्टर, २२ इंची नळी, पीळ १:१२. इतकी वर्षं १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाच्या गाभ्याची गोळी वापरली. शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचाच्या आत पडायच्या. मुलं मांस खायला लागल्यावर शिशाचे बारीक कण मांसात राहतात हे मनाला टोचायला लागलं, म्हणून यंदा पूर्ण तांब्याच्या गोळीकडे वळलो. एल्क म्हणजे हरणाची मोठी जात, म्हणून वजनदार, १८० ग्रेनची घेतली.

आणि सगळं बिघडलं. त्याच रायफलीतून साडेतीन इंचांचा पसारा. दुर्बिणीची कडी बदलली, दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळले, खांदा बदलून पाहिला. फरक शून्य. कागदावरची भोकं नीट पाहिली तर एकदोन किंचित लांबट होती.

दुसऱ्या रायफल हंगामात, तिसऱ्या दिवशी पहाटे, अ‍ॅस्पेनच्या कडेला एल्कची मादी उभी होती. २४० यार्ड, पूर्ण आडवी, वारा नाही. अशी संधी मला नऊ वर्षांत दोनदा मिळाली आहे. चापावर बोट ठेवलं आणि काढलं. गोळी कुठे जाईल याची खात्री मला देता येत नव्हती. ती सावकाश झाडीत शिरली. रिकाम्या हाताने परत आलो, त्याचं दुःख नाही. पण पुन्हा त्या जागी उभं राहायचं तर हातातल्या वस्तूवर विश्वास हवा.

आता नवी नळी बसवून रायफल मनासारखी बांधून घ्यायची म्हणतो. डोक्यात आहे .३०० विंचेस्टर मॅग्नम, २६ इंच, कार्बन फायबरची. जाणकारांनी बोलावं.

---

लेथवाला | ३ डिसेंबर

घाटवाट, चापावरून बोट काढलंत, त्याबद्दल आधी मनापासून नमस्कार.

मी पिंपरीत टूलरूममध्ये उमेदवारी केलेला माणूस, पुढे नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनला आलो आणि इथेच राहिलो. हे राज्य नळ्यांचं माहेरघर आहे. बूट्स ओबरमायर इथलेच, क्रीगर इथलीच, बार्टलाइन इथलीच. निवृत्तीनंतर स्वतःच्या आणि दोस्तांच्या रायफलींना चेंबर (नळीत काडतूस बसतं ती मागची जागा) कापून देतो.

तुमची रायफल बिघडलेली नव्हती. गोळी आणि पीळ यांचं जमलं नाही, एवढंच झालं.

गोळी हवेत सरळ राहते ती स्वतःभोवती फिरते म्हणून, आणि तिला फिरवतात ते नळीतले आटे, म्हणजे आत पेचासारख्या कोरलेल्या खाचा. १:१२ म्हणजे बारा इंचांत एक फेरा. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. इथे लांबी बघायची, वजन नाही. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली याचं साधं सूत्र दिलं, ते आजही अंदाजाला पुरतं: १५० गुणिले गोळीच्या व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. सगळं इंचांत.

तुमची १६५ ग्रेनची शिशाची गोळी साधारण १.२ इंच लांब असेल. गणित मांडा, उत्तर येतं ११.९. म्हणजे तुमची १:१२ ची नळी तिच्यासाठी जेमतेम बरोबर. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला गोळी लांब करावी लागते. तुमची १८० ची तांब्याची गोळी कॅलिपरवर मोजा, दीड इंचाच्या आसपास भरेल. आता उत्तर येतं साडेनऊ. साडेनऊचा पीळ मागणाऱ्या गोळीला तुम्ही बाराचा दिलात. लांबट भोकं म्हणजे गोळी डुलत कागदाला लागल्याची खूण.

डेन्व्हरच्या विरळ हवेने तुम्हाला थोडं सांभाळून घेतलं. समुद्रसपाटीला, कडाक्याच्या थंडीत हीच गोळी आडवी लागली असती.

नवी नळी घेण्याआधी एक करा. १५० ग्रेनची तांब्याची गोळी आणा आणि जुन्या नळीतून मारा. ती लांबीला कमी असते, १:१२ मध्ये चालायला हवी. चालली तर पैसे वाचले.

---

रानभूल | ४ डिसेंबर

लेथवाला काकांचं गणित बरोबर आहे, पण घाटवाटांनी नवी रायफल बांधायचं ठरवलं असेल तर मागे का खेचायचं? मी आयडाहोत आहे. इथे दरी ओलांडून मारावं लागतं. ७ पीआरसी घ्या, पीळ १:८, २४ इंच. २०२२ मध्ये आलेलं काडतूस आहे, लांब गोळ्या डोळ्यांसमोर ठेवूनच काढलेलं. वाऱ्याला कमी हलतं.

---

लेथवाला | ४ डिसेंबर

रानभूल, काडतूस उत्तम आहे, तक्रार नाही. पण त्यांच्या हातात रेमिंग्टन ७०० ची आखूड अ‍ॅक्शन (काडतूस आत घेणारा, उडवणारा मधला सांगाडा) आहे. .३०८ च्या बोल्टचं (काडतूस मागून धरणाऱ्या दांड्याचं) तोंड .४७३ इंचाच्या बुडाचं, मॅग्नमला .५३२ लागतं. शिवाय ७ पीआरसी आणि .३०० विन मॅग दोन्हींना लांब अ‍ॅक्शन लागते. म्हणजे नळी बदलायचं काम राहिलं बाजूला, आख्खी रायफलच नवी आली.

आखूड अ‍ॅक्शन आणि तेच बोल्ट ठेवून जाता येईल अशी काडतुसं: .३०८, ७ मिमी-०८, .२४३, ६.५ क्रीडमूर. एल्कसाठी यातली पहिली दोन मी डोळे मिटून सांगेन.

---

घाटवाट | ७ डिसेंबर

काका, सांगितल्याप्रमाणे केलं. १८० ची गोळी मोजली, १.४८ इंच! आणि १५० ची तांब्याची गोळी मारली. भोकं गोल आली, पसारा मात्र दोन इंच. मग एका गनस्मिथकडे बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची दुर्बीण) लावून घेतला. चेंबरच्या पुढे, जिथून आटे सुरू होतात तो घसा पार जळलाय, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा. ही रायफल मी तिसऱ्या हाताने घेतली होती, आधी किती काडतुसं उडली कोण जाणे. म्हणजे नळी बदलणं आलंच.

---

शेवंता | ७ डिसेंबर

मी मिझूलाला असते, मोंटानात. उंची पाच फूट एक इंच, पाठीवर सामान घेऊन डोंगर चढणारी बाई, म्हणून वजनाबद्दल माझं ऐका.

कार्बनची नळी म्हणजे आत पोलादाचीच बारीक केलेली नळी आणि बाहेरून कार्बन फायबरचं वेष्टण. आमच्याच राज्यात कोलंबिया फॉल्सला प्रूफ रिसर्च ती बनवते. जाड पोलादी नळीइतकीच जाड दिसते, पण वजनाला बरीच हलकी. जाड आणि हलकी, दोन्ही एकदम हवं असेल तर ती खरंच कामाची आहे. पण बारीक पोलादी नळीपेक्षा ती हलकी असेलच असं नाही! लोक इथे फसतात. क्रमांक २ किंवा ३ च्या घाटाची (म्हणजे बाहेरून बारीक) साधी पोलादी नळी २२ इंचांत तेवढ्याच वजनात बसते आणि किंमत जवळपास निम्मी. कार्बनचा फायदा दहा-पंधरा गोळ्या लागोपाठ मारणाऱ्याला. मी अख्ख्या हंगामात कधी दोनाहून जास्त मारल्या नाहीत.

माझी ७ मिमी-०८ आहे, २० इंच, क्रमांक २ चा घाट. चौथ्या गोळीपासून गरम होऊन गट वर सरकतो, मला माहीत आहे. एल्कसमोर चौथी गोळी मारायची वेळ आली तर माझं आधीच काहीतरी चुकलेलं असणार.

आणि २६ इंच? अ‍ॅस्पेनच्या दाट रोपट्यांतून एकदा चालून बघा. पुढे सायलेन्सर लावायचा विचार असेल तर आणखी सहा-सात इंच. .३०८ ला एक इंच नळी कमी केली तर वेग सेकंदाला साधारण वीस-पंचवीस फुटांनी घटतो. चार इंचांना शंभर फूट. अडीचशे यार्डांवर एल्कला त्याने काही कळणार नाही, तुमच्या खांद्याला मात्र दिवसभर कळेल.

---

देवगडकर | ८ डिसेंबर

मी शिकारी नाही, पण धागा मनापासून वाचतोय. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. तिची नळी आतून गुळगुळीत, दारू ठासायची, वर छर्रे नाहीतर गोळा. माकडं नि डुकरं हाकलायला तिचा आवाजच पुरे व्हायचा. आजोबा म्हणायचे, पन्नास पावलांपलीकडे नेम देवाच्या हातात. आज कळलं का ते. हे आटे पाडतात तरी कसे?

---

लेथवाला | ८ डिसेंबर

देवगडकर, फार छान विचारलंत. आजोबांचं निरीक्षण अगदी अचूक.

तीन मुख्य पद्धती आहेत. सगळ्यांत जुनी म्हणजे कापून आटे पाडणं. भोक पाडून, रीमर फिरवून गुळगुळीत केलेल्या नळीतून एक छोटं आकड्यासारखं पातं ओढतात. एका ओढीत इंचाचा दहा-हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास धातू निघतो. शेकडो ओढी लागतात. वेळखाऊ, पण पोलादावर जोर येत नाही, म्हणून त्यात ताण उरत नाही. क्रीगर, बार्टलाइन हे याच पद्धतीचे.

दुसरी बटणाची. कार्बाइडचं आटे कोरलेलं बटण नळीतून एकाच दमात ओढतात किंवा ढकलतात. धातू कापला जात नाही, दाबून सरकवला जातो. काम मिनिटात होतं, आतला पृष्ठभाग सुंदर येतो, पण पोलादात ताण राहतो. तो भट्टीत तापवून काढावा लागतो. मोंटानातली लिल्या, न्यूयॉर्क राज्यातली हार्ट, टेक्सासची शिलेन यांनी यात नाव कमावलंय आणि त्यांच्या नळ्यांनी असंख्य स्पर्धा जिंकल्यात. मात्र बटणाच्या नळीवर नंतर बाहेरून पन्हळी (वजन घटवायला लांब खाचा) कापायच्या असतील तर त्या मूळ कारखान्यातच कापून घ्या. उरलेला ताण सुटला तर आतलं भोक काही ठिकाणी सैल होतं.

तिसरी हातोड्यांची. आटे कोरलेल्या मँड्रेलभोवती (आतल्या साच्याच्या दांड्याभोवती) नळी ठेवून बाहेरून प्रचंड हातोडे ठोकतात. जर्मनीत ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वाढली. साको, टिक्का, रुगर या कारखान्यांच्या रायफलींत अशाच नळ्या असतात, आणि टिक्का काय मारते हे वापरणाऱ्याला विचारा.

चांगला कारागीर असेल तर तिन्ही चालतात. पद्धतीवरून भांडणाऱ्यांपेक्षा, शेवटी शिशाचा लॅप (घासायचा गोळा) घालून हाताने घासलेली नळी आहे का, हे विचारणारा गिऱ्हाईक मला शहाणा वाटतो. हाताने घासलेल्या नळीत हत्याराचे ओरखडे आडवे राहत नाहीत, तांबं कमी चिकटतं. घाटवाट पूर्ण तांब्याची गोळी मारणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हे दुप्पट महत्त्वाचं.

---

नवखा | ९ डिसेंबर

मी टेक्सासमध्ये विद्यार्थी व्हिसावर आहे. मलाही शिकायची फार इच्छा आहे. रायफल घेता येईल का?

---

शेवंता | ९ डिसेंबर

नवखा, घाई करू नकोस. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला साधारणपणे बंदी आहे. एच-१बी वाल्यांनाही. काही अपवाद आहेत, वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक. पण तो नीट समजून न घेता दुकानात गेलास तर पुढचं सगळं आयुष्य अडकेल. आधी इमिग्रेशन वकिलाला विचार. तोवर हंटर एज्युकेशनचा वर्ग कर, त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

---

पन्हाळकर | १० डिसेंबर

कोल्हापूरहून. आमचं जग वेगळं, ५० मीटर आणि .२२. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा मार्ग बंद आहे आणि तो बंदच असावा असं मला वाटतं. पण नळीचं प्रेम आम्हालाही आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून गल्लीतली पोरंसुद्धा आटे आणि पीळ बोलतात.

आमच्याकडची एक सवय सांगतो. वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल घेऊन काडतुसं बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात. नळी शिकंज्यात आवळतात आणि एकाच जातीच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटमधून गोळ्या मारून बघतात. एकाच कारखान्यात, एकाच पेटीतून आल्यासारख्या दिसणाऱ्या गोळ्या, पण एक लॉट नळीला आवडतो, दुसरा नाही. मोठ्या काडतुसांनाही हे लागू असणार. नळी आल्यावर एकच गोळी धरून बसू नका, तीन-चार जातींच्या मारून बघा.

दुसरं, क्राउन. गोळी नळी सोडते तो शेवटचा काठ. तिथे एका बाजूला जरा खरचटलं तर मागून सुटणारा वायू गोळीला एका अंगाने ढकलतो. माझ्या एका सहकाऱ्याचा अख्खा हंगाम साफसफाईच्या सळईने घासलेल्या क्राउनपायी गेला. डोंगरात फिरणाऱ्या रायफलीला आत बसवलेला क्राउन घ्या, दगडाला टेकली तरी काठ वाचतो.

---

साताऱ्याचा | १० डिसेंबर

माझ्याकडे वडिलोपार्जित परवाना आणि .३१५ आहे. अशी नळी कुणी येताना आणू शकेल का?

---

लेथवाला | १० डिसेंबर

नाही. नळी हा बंदुकीचा मुख्य भाग मानला जातो. इथून पाठवायला निर्यातीची परवानगी लागते आणि तिकडे शस्त्र कायदा आहे. सामानात टाकून आणायचा विचार कुणीही मनात आणू नका. जिल्ह्यातल्या परवानाधारक विक्रेत्याशी बोला.

---

रानभूल | ११ डिसेंबर

घाटवाट, .३०८ वर राहिलात तर मग ६.५ क्रीडमूर का नाही? धक्का कमी, पीळ १:८ मानकच आहे, नळी अडीच-तीन हजार गोळ्या टिकते.

---

घाटवाट | ११ डिसेंबर

रानभूल, कायद्याने चालतं. कोलोरॅडोत एल्कसाठी .२४ किंवा मोठा व्यास, किमान ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा लागते. क्रीडमूर त्यात आरामात बसते. पण तांब्याची गोळी फुलायला वेग लागतो आणि मला रुंद जखम हवी आहे, जनावर लवकर पडावं म्हणून. शिवाय .३०८ च्या नळीचं आयुष्य पाच हजारांच्या आसपास सांगतात. मी वर्षाला दोनशे मारतो. म्हणजे ही नळी बहुधा मुलीच्या हातात जाईल.

काका, पोलाद कोणतं? आणि पीळ नक्की किती?

---

लेथवाला | १२ डिसेंबर

पीळ १:१०. १८० सोडून १६५ ग्रेनची तांब्याची गोळी घेतलीत तर तिला पुरेल. जास्त घट्ट घेऊन तोटा फारसा नाही, कमी घट्ट घेऊन काय होतं ते तुम्ही पाहिलंत. याचं मोठं उदाहरण सांगतो. १९५५ साली रेमिंग्टनने .२४४ काढलं आणि पीळ दिला १:१२. हलक्या गोळ्यांसाठी होता. त्याच वर्षी विंचेस्टरने .२४३ काढलं, १:१० चा पीळ. लोकांना हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती, ती .२४४ मधून नीट जाईना. काडतूस तोडीस तोड, पण बाजारातून उठलं. रेमिंग्टनने १९६३ ला त्यालाच ६ मिमी रेमिंग्टन असं नाव देऊन १:९ च्या पिळात पुन्हा आणलं, तोवर लोक .२४३ घेऊन गेले होते. पिळाचे दोन-तीन इंच एवढे महाग पडतात.

पोलाद: ४१६आर स्टेनलेस किंवा ४१४० क्रोम-मॉली. स्टेनलेस कापायला, घासायला सुंदर, घसा जरा जास्त टिकतो. गंजतच नाही असं मात्र समजू नका. त्यात यंत्रकामासाठी गंधक घातलेलं असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ते क्रोम-मॉलीइतकं चिवट राहत नाही. म्हणून फार बारीक घाट हवा असेल तर क्रोम-मॉली घ्या. तुम्ही क्रमांक ३ घ्या, मग दोन्ही चालतील. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, आणि लांबी कमी केली की तोही वाढतो. २२ इंच क्रमांक ३ हा फार समतोल तुकडा आहे.

आता खरं महत्त्वाचं. उत्तम नळी वाईट हातात दिलीत तर वाया गेली. लेथवर ती बाहेरच्या व्यासावर न लावता आतल्या भोकावर डायल लावून केंद्रात आणतो का, हे गनस्मिथला विचारा. गो आणि नो-गो गेजने (मापाच्या ठोकळ्यांनी) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांतली काडतुसाची जागा, तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आणि ज्या गोळीसाठी रायफल बांधताय तिचं दारू नसलेलं काडतूस त्याच्या हातात द्या, घसा त्या मापाने कापू दे. तांब्याच्या गोळीला आट्यांपर्यंत थोडी उडी (मोकळं अंतर) आवडते, इंचाच्या पाच शतांशापासून सुरुवात करा.

---

घाटवाट | १४ डिसेंबर

ठरलं. .३०८, कापलेले आटे, हाताने घासलेली, ४१६आर, १:१०, २२ इंच, क्रमांक ३, आत बसवलेला क्राउन. पन्हळी नाहीत, कार्बन नाही. सगळं मिळून मनात धरलेल्या खर्चाच्या निम्मं. उरलेल्या पैशांत काडतुसं घेतो.

---

घाटवाट | ९ जून

धागा वर काढतोय. गनस्मिथकडे चार महिने गेले, पण माणूस चोख निघाला. हेडस्पेस समोर दाखवला, घसा माझ्या काडतुसावर कापला.

पन्हाळकरांचं ऐकून चार जातींच्या तांब्याच्या गोळ्या मारल्या. दोन नळीला आवडल्या नाहीत, एक बरी, आणि १६५ ची एक अशी बसली की तीन गोळ्यांचा गट पाऊण इंच.

मग शेवंताताईंचं, हंगामात दोनाहून जास्त गोळ्या मारल्या नाहीत हे वाक्य डोक्यात राहिलं होतं म्हणून एक वेगळी चाचणी केली. सलग सात शनिवार पहाटे रेंजवर गेलो. थंड, रात्रभर गाडीत पडलेली रायफल. एकच गोळी, शंभर यार्ड, तोच कागद. मारली की कागद उतरवून घरी. सात शनिवारांच्या सात पहिल्या गोळ्या, १.१ इंचात.

---

शेवंता | ९ जून

शंभरच्या बेंचवरून झालं. आता पिशवीवर टेकून, बसून, गुडघ्यावर, धाप लागलेली असताना मारा. टॅगचं काय?

---

घाटवाट | ९ जून

लागला, मादीचा. तेच युनिट (शिकारीचा विभाग), दुसरा रायफल हंगाम. उद्यापासून टेकडी धावत चढून वर बसून मारायला सुरुवात करतोय. मुलगी घड्याळ लावून बसणार आहे.